बंगल्याच्या गवतातले कोळी

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या थोरल्या दिरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अलिबागच्या डॉक्टरांनी त्यांना सहा महिने चिखलात उतरायला बंदी केली. शेत आमचं एकत्र. रेवस रस्त्यापासून आत, खाडीच्या अंगाला भाताची सहा खाचरं. सासरे गेल्यापासून ती दीरच बघायचे, आणि मी आणि माझा नवरा फक्त भात खायचो. नवरा मुंबईला गोदीत नोकरीला. शनिवारी लाँचने रेवसला उतरतो आणि सोमवारी सकाळी परत जातो. मी अलिबागच्या एका लॅबमध्ये वीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजल्या आणि त्याच वर्षी नोकरी सोडली होती. घरात रिकामे हात फक्त माझे होते.

"यंदा शेत मी बघते," मी म्हटलं.

दीर खाटेवर होते, गुडघ्याखाली दोन उशा. "बघ की. बघायला कोण नको म्हणतोय? बांधावर खुर्ची टाकून देतो."

"बघते म्हणजे करते. आणि फवारणी करणार नाही."

आता ते उठून बसले. त्यांचं म्हणणं मला पाठ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, पीक निसवलं असताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडत असताना, तपकिरी तुडतुड्यांनी आठ दिवसांत तीन खाचरं संपवली होती. हा किडा तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर, शेकड्यांनी बसतो आणि रस पितो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही आणि मग एके दिवशी शेत मधोमध विस्तवाने जाळल्यासारखं दिसतं. तेव्हापासून दीर ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरात दोनदा फवारायचे, किडा असो वा नसो.

माझं कारण साधं होतं. फवारलं की खाचरातले मासे पोट वर करून तरंगतात, मुठे, म्हणजे खाचरातले खेकडे, बिळाबाहेर येऊन मरतात, आणि मला दोन्ही खायला आवडतात. शिवाय आमच्या भागातल्या कृषी सहायक बाईंनी एकदा सांगितलं होतं की औषधाने तुडतुडे मरतात आणि त्यांना खाणारे कोळीही मरतात. मग तुडतुडे परत येतात, कोळी इतक्या लवकर येत नाहीत. कोळी म्हणजे जाळ्यातला, आठ पायांचा. आमच्याकडे हे सांगावं लागतं.

शेवटी जाऊबाईंना साक्षीला बसवून आमचं ठरलं. आदल्या वर्षी अठ्ठावीस गोण्या भात झालं होतं. यंदा फवारणीशिवाय तेवढं भरलं तर शेत इथून पुढे मी करायचं. त्यात एक गोणी जरी अपुरी राहिली तर शेत परत दिरांकडे, आणि मी लॅबमध्ये किंवा स्वैपाकघरात, जिथे जायचं तिथे जायचं. मध्ये एक अट: तुडतुडे मोजायचे, आणि सरासरी एका चुडात दहाच्या वर गेले तर त्याच दिवशी फवारणीचा पंप बाहेर काढायचा. तसं झालं तरी मी हरले. चूड म्हणजे लावणीत एका जागी रोवलेल्या रोपांचा झुबका. दहाचा आकडा कृषी सहायक बाईंचा.

"मोजणार कोण?" दिरांनी विचारलं.

"मी. वीस वर्षं दुसरं काय केलं?"

"रगत उडी मारत न्हाय," दीर म्हणाले.

ते बरोबर होतं, पण मला ते ऑगस्टमध्ये कळलं.

जूनमध्ये आम्ही रोपं टाकली आणि जुलैत लावणीला आलेल्या बायकांना मी पहिलं काम वेगळंच दिलं: रोपांच्या मुठी बांधल्या की शेंडे कापायचे. खोडकिड्याची मादी शेंड्याजवळ अंडी घालते, म्हणून. गावात लावणीच्या आधी कुणी कात्री घेऊन शेतात उतरलेलं नव्हतं. बायका हसून चिखलात बसल्या. त्यातली सगळ्यात वयस्कर होती तिने एक मूठ उचलून डावीकडून उजवीकडून बघितली आणि मला विचारलं, "भांग कुठल्या बाजूने पाडायचा, ताई?" त्या दिवशी प्रत्येक मुठीचा भांग पाडला गेला. दुपारपर्यंत मलाही हसून हसून कात्री धरवेना.

मग सुरळीतल्या अळ्या आल्या. ही अळी पानाचा तुकडा कापून त्याची नळी करते आणि तिच्यात बसून पान खात सुटते. तिला मारायला औषध लागत नाही. पिकावरून दोर ओढला की नळ्या पाण्यात पडतात आणि पुढचं काम मासे, बेडूक बघतात. दोराचं एक टोक मी धरलं, दुसरं जाऊबाईंनी. जाऊबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आणि त्यांचा चालण्याचा वेग माझ्या दुप्पट. दोर तिरका व्हायचा, मी ओढली जायचे, आणि खाचराच्या टोकाला पोचेपर्यंत दोन वेळा गुडघ्यावर बसून झालेलं असायचं.

"अगो, दोर ओढायचाय, तुला न्हाय," जाऊबाई म्हणायच्या आणि आणखी जोरात चालायच्या.

आमच्या मागे बगळे. पहिल्या दिवशी चार आले, तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. आम्ही खाचरात उतरलो की ते बांधावर रांगेत उभे राहायचे, पंगत बसायची वाट बघत. मी मधे मधे काठ्यांना आडव्या काठ्या बांधून रोवल्या होत्या, त्यांच्यावर काळे कोतवाल पक्षी येऊन बसायचे, तिथून झेप घेऊन पतंग उचलायचे आणि परत त्याच काठीवर. एका कोतवालाने जाऊबाईंच्या कानाजवळून पतंग नेला. त्या इतक्या खूष झाल्या की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आपला कान दाखवला.

ऑगस्टपासून मोजणी. पद्धत अशी: खाचरात तिरकं चालायचं, दर काही पावलांवर एक चूड, असे वीस. चुडाच्या बुडाशी पांढरी थाळी धरायची, दुसऱ्या बाजूने हाताने थापटायचं, आणि थाळीत जे पडेल ते उडी मारायच्या आत मोजायचं. थाळी पोह्यांची. पहिल्या दिवशी मी थापटलं, थाळीत काहीतरी दहा-पंधरा पडलं, मी चष्मा सरसावेपर्यंत थाळी रिकामी. दुसऱ्या चुडाला तेच. तिसऱ्याला थाळीतून एक कोळी सरळ माझ्या बाहीत गेला. जमायला चार दिवस लागले, आणि जमलं तेव्हा मात्र मी सकाळचा चहा अर्धा टाकून शेतात पळायला लागले. हे मी कुणाला सांगितलं नाही. या वयात ते सांगण्यासारखं नाही.

पण काय काय होतं त्या थाळीत. जाळं न विणता पाण्यावरून धावत शिकार करणारा तपकिरी कोळी, पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन. पाय लांब ताणून पानाच्या शिरेसारखा पडून राहणारा दुसरा. लाल ढालकिडे. बाळ टाचण्या, चतुरांच्या बारीक अंगाच्या बहिणी. निळ्या-काळ्या अंगाचा, लाल मानेचा एक भुंगा, जो मला पाहून थांबला नाही, पण तुडतुड्याला पाहून थांबला. मी लॅबमधून येताना आणलेलं भिंग गळ्यात अडकवलं आणि वही केली. वहीत दोन रकाने: खाणारे, आणि ज्यांना खायचं ते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चुडामागे तुडतुडा एक, कधी दोन. कोळी प्रत्येक चुडात. मी घरी येऊन आकडे मोठ्याने वाचायचे आणि दीर पेपर वाचत असल्याचं दाखवायचे.

आणि मग मी स्वतःच शेण खाल्लं.

गणपतीच्या आधी आमच्याकडे घर सारवून, रंगवून होतं, अंगण होतं, आणि ज्यांची शेतं रस्त्यावरून दिसतात ते बांधही तासतात. मुंबईचे सगळे येणार, त्यांनी येताना आपलं शेत बघावं, बांध कसा पट्टी लावल्यासारखा दिसावा. कुणाचा बांध दाढी न केलेल्यासारखा राहिला तर आरतीला त्याची चर्चा होते. मला तर वीस वर्षं टेबल पुसायची सवय. मी दोन माणसं लावली, स्वतः कोयता घेतला आणि तीन दिवसांत सहाही खाचरांचे बांध गवताच्या एका काडीशिवाय करून टाकले. बाजूचं तण, झुडपं, सगळं. गवत जाळलंही. रस्त्यावरून बघितलं तर कॅलेंडरवरच्या चित्रासारखं.

गणपती बसले त्या दिवशी कृषी सहायक बाई दर्शनाला आल्या. या बाई घाटावरच्या, निवृत्तीला आलेल्या, स्कूटरवर बूट घालून फिरणाऱ्या. मोदक हातात घेऊन त्या मागच्या दारातून शेतावर गेल्या. मी मागोमाग, कौतुक ऐकायला.

"हे कुणी केलं, ताई?"

"मी."

त्यांनी मोदक संपवला. हात पुसले. "तुमचे कोळी राहत कुठे होते?"

"चुडात."

"ते जेवायला. राहायला बांधाच्या गवतात. भुंगे तिथे, कोळी तिथे, अंडी तिथे. तुम्ही त्यांचं अख्खं गाव जाळलं आणि वर रांगोळी काढायची बाकी ठेवलीय."

गेल्याच आठवड्यात मी चुलीजवळ उभी राहून दिरांना कोळ्यांचे उपकार सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मोजलं. कोळी चार चुडांत मिळून एक. तुडतुडे चुडामागे पाच. दोन दिवसांनी सहा. दीर आता पेपर बाजूला ठेवून ऐकायला लागले. आनंदाने नव्हे, त्यांना ती जळलेली तीन खाचरं दिसत होती. त्यांनी जाऊबाईंना पंपाचं वॉशर बघून ठेवायला सांगितलं, तेही मला ऐकू जाईल असं.

मी कृषी सहायक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पेंढ्याच्या जुड्या बांधा, ओल्या करा, जिथे गवत माजलंय तिथे दोन दिवस टाकून ठेवा. कोळी आत शिरतात. मग त्या जुड्या उचलून खाचरात काठ्यांवर उभ्या करा. पण गवत माजलेली जागा हवी.

गणपतीच्या आठवड्यात अख्ख्या गावात गवत माजलेली जागा कुठून आणायची? सगळ्यांनीच बांध तासलेले.

जागा जाऊबाईंना सुचली. आमच्या शेताच्या पलीकडे मुंबईच्या कुणा माणसाचा बंगला आहे. चारी बाजूंनी भिंत, लोखंडी फाटक, वर्षातून आठ दिवस मालक आणि बाकी वर्षभर एक वॉचमन. वॉचमन आमच्याच बाजूचा, वय साठीचं. बंगल्यासमोर हिरवळ कापलेली, पण मागच्या दोन एकरांत कमरेएवढं गवत.

आम्ही दोघी फाटकाशी गेलो. मी सगळं नीट समजावून सांगितलं. वॉचमनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आतलं काय बाहेर न्यायचं तर मालकाला विचारायला लागतं."

"कोळी आहेत. मालकाला माहीत तरी आहेत का?"

"माहीत नसले तरी त्याचेच हायत."

त्याने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "साहेब, बाजूच्या शेतवाल्या दोन बायका आल्यात. आपले कोळी पायजेत म्हणतात." पलीकडून आवाज आला, "कोळी म्हणजे... स्पायडर?" वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "व्हय साहेब. आठ पायवाले."

"सगळे घेऊन जा ना," मालक म्हणाले. "बाथरूममधले पण. आणि पाली असतील त्या पण द्या त्यांना."

जाऊबाई हसत हसत फाटकाला धरून खाली बसल्या. त्यांना उठवायला वॉचमनने पाणी आणलं.

त्या दिवशी आमच्या घरात मुंबईहून आलेली वीसेक माणसं होती: नणंदा, त्यांचे नवरे, पुतण्या, सुना. त्यांना पत्ते खेळायचे होते. मी पेंढा अंगणात ओतला आणि जुड्या बांधायला बसवलं. नवऱ्याने पहिल्यांदा वर्षभरात शेतीवर मत दिलं, म्हणाला, "सुतळी संपली." संध्याकाळपर्यंत ऐंशी जुड्या झाल्या, बादलीत बुडवून गवतात नेऊन टाकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उचलायला गेलो. मी एक जुडी थाळीवर झटकून पाहिली. थाळी दिसेनाशी झाली.

मग ती वरात निघाली. ऐंशी जुड्या, प्रत्येकाच्या डोक्यावर एक नाहीतर दोन टोपल्या, टोपलीत जुड्या, जुड्यांत कोळी, आणि वाटेत कोळी खाली उतरायला लागलेले. थोरल्या नणंदेच्या कपाळावरून एक सावकाश चालत गेला. तिने हात सोडले नाहीत, फक्त डोळे मिटून गणपतीचं नाव घेत चालत राहिली आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर आपटली. तिच्या नवऱ्याच्या शर्टात दोन गेले आणि त्याने बांधावर असा काही नाच केला की पलीकडच्या शेतातल्या माणसांनी टाळ्यांचा ठेका धरला. ढोलवाले विसर्जनासाठी गावात आलेच होते. त्यांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण रांगेत डोक्यावर काही घेऊन माणसं निघाली आहेत एवढं पाहून ते पुढे झाले आणि वाजवायला लागले. आता कोण थांबवणार? आमचे कोळी ढोलताशांत शेतावर आले.

रस्त्यावर दूधवाली शेजारीण उभी होती. तिने विचारलं, "काय गो, कोळी पाळलेस? दूध किती देतात?"

"सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा लिटर," जाऊबाई टोपलीखालून म्हणाल्या. "फॅट चांगली हाय."

दीर ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. सगळी वरात त्यांच्यासमोरून गेली. त्यांची मान डावीकडून उजवीकडे शेवटच्या टोपलीपर्यंत वळत गेली.

जुड्या काठ्यांवर उभ्या केल्या. पुढच्या आठवड्यात तुडतुडे आठ झाले. मग नऊ. आता मला झोप कमी यायला लागली आणि हसूही. माणसं मुंबईला गेली, घर रिकामं झालं. थाळीत कोळी दिसत होते, पण तुडतुड्यांची पिल्लं जास्त दिसत होती. शेताच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचून राहतं, तिथे एका चुडात मी अठरा मोजले. बाकीच्यांत कमी म्हणून सरासरी वाचली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो आकडा मोठ्याने वाचला नाही. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यातलं पाणी काढून टाकलं. तुडतुड्यांना ओल लागते, एवढं मला कळलं होतं.

दीर काठी टेकत बांधावर आले. चिखलात उतरायचं नव्हतं, म्हणून बांधालगतच्या चुडांवर त्यांनी काम सुरू केलं. "थाळी आण," ते म्हणाले. "आणि ती काच."

त्यांनी थापटलं, भिंग लावलं. "तेरा."

मी वाकून पाहिलं. "भावजी, यात पाच हिरवे आहेत."

"मंग? हिरवे तुडतुडे न्हाईत?"

"नाहीत. हा ढेकणासारखा आहे, बघा. हा तुडतुड्याची अंडी खातो. शोषून घेतो."

"अंडी दाखव."

तुडतुड्याची अंडी पानाच्या देठात असतात, ती भिंगाखाली दाखवायला मला पाऊण तास लागला. दीर बांधावर पालथे पडून, ऑपरेशनचा पाय हवेत धरून, एक डोळा मिटून बघत होते. मग एक हिरवा चालत आला, थांबला, सोंड खाली केली. दीर हलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चोखतोय." आणखी थोड्या वेळाने: "दुसरं धरलं."

"आठ लिहू का?"

"आठ लिही." ते उठले नाहीत. "जरा थांब, तिसऱ्यावर चाललाय."

त्या दिवसापासून मला थाळी सकाळी मिळेना. साडेसहाला जावं तर दीर बांधावर, टोपी, काठी, भिंग, आणि जाऊबाई वही घेऊन मागे. आकड्यात ते कसूर करत नसत. एकदा सरासरी साडेनऊ आली तेव्हा पंपात पाणी भरून ठेवायला त्यांनी जाऊबाईंना पाठवलंही. "दहा म्हणजे दहा. हिरवे वगळून दहा. उद्या बघू." पण जाऊबाई मला नंतर सांगत होत्या की घरी आल्यावर ते म्हणाले, उद्या थोडं कमी येईल असं वाटतं, कोळी चांगले फुगलेत.

दुसऱ्या दिवशी आठ आले. तिसऱ्या दिवशी सहा. आठवड्याने तीन. दीर मला आकडे सांगायला स्वैपाकघराच्या दारापर्यंत यायचे आणि आवाज अगदी साधा ठेवायचे, आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा. मी मात्र गॅस बंद करून स्वैपाकघरात एक फेरी मारली. मग दार उघडं आहे हे लक्षात आलं.

पिवळं पडलेलं एक ठिगळ राहिलंच. खालच्या कोपऱ्यात, दोन खाटांएवढं. तिथले चूड वाळून बसले. मी ते झाकायचा प्रयत्न केला नाही; रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतच होतं. भात पिकलं, पिवळं झालं, पाऊस मागे सरला, आम्ही कापणी केली, भारे खळ्यावर आणले. खळं घरामागे, सारवलेलं. लाकडी फळीवर पेंढी आपटून झोडायची, दाणे गोळा करायचे, वाऱ्यावर उफणायचे, गोण्या भरायच्या. चार दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी सत्तावीस गोण्या शिवून भिंतीशी उभ्या होत्या, आणि अठ्ठाविसावी अर्ध्यावर.

खळ्यावर दाणा शिल्लक नव्हता. मी झाडूने झाडून पाहिलं. गोणी जरा आणखी फुगली, पण अर्धी ती अर्धीच. खालच्या कोपऱ्यातल्या ठिगळात तेवढं भात गेलं होतं, हे मला हिशेब न करता कळत होतं.

"कमी भरली," मी म्हटलं. "शेत तुमचं, भावजी."

हे बोलताना आवाज कसा होता ते मला माहीत नाही. जाऊबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

दीर घमेलं पालथं घालून त्यावर बसले होते. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. झोडलेल्या पेंढ्याच्या ढिगातली एक पेंढी त्यांनी ओढली, लोंब्या बोटांनी चाचपल्या. "ही कुणी झोडली?"

"मुंबईवाल्यांनी," जाऊबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या सुट्टीला आलेले ना. चार वेळा आपटतात आणि फोटो काढतात."

"यात दाणा हाय."

"असेल. गुरांच्या तोंडात जाईल, कुठे वाया जातोय?"

"दाणा असलेला पेंढा गुरांना?" दिरांचा चेहरा असा झाला की जणू जाऊबाईंनी गोण्या खाडीत टाकायला सांगितल्या. ते उठले, काठी भिंतीला लावली, पेंढी उचलली आणि फळीवर आपटली. पाच-सहा दाणे उडाले. परत आपटली.

"गुडघा," मी म्हटलं.

"डॉक्टर चिखलाचं बोलले. हे कोरडं हाय."

त्यांनी दुसरी पेंढी ओढली. मग मीही एक घेतली. जाऊबाईंनी पदर खोचला. पेंढ्याचा ढीग माझ्या उंचीपेक्षा वर होता आणि आम्ही तिघांनी तो दुसऱ्यांदा झोडायला घेतला, अख्खा. दीर मध्ये मध्ये मुंबईच्या जावयांची नावं घेऊन बोलत होते, प्रत्येक पेंढी कुणी झोडली ते त्यांना झोडण्यावरून कळत होतं म्हणे. मला दोन तासांनी सुचलं की ते स्वतःविरुद्धच काम करताहेत. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा. आणि मग आम्हा दोघींना हसू यायला लागलं, आणि हसू येतंय म्हणून पेंढी सरळ पडेना, आणि दीर ओरडले, "हसायचं नंतर, हात चालवा."

ऊन उतरताना त्यांनी शेवटचं सूप उफणून गोणीत ओतलं. तोंड दाबलं, आणखी एक मूठ बसवली, दाभण घेऊन सुतळीने शिवली, इतर सत्तावीस गोण्यांच्या ओळीत नेऊन टेकवली आणि मागे सरून पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. ते ओळीकडे बघत राहिले. पहिल्या गोणीपासून त्यांनी बोटाने मोजलं. शेवटपर्यंत जाऊन परत आले.

"अठ्ठावीस," जाऊबाई म्हणाल्या. साक्षीला त्यांनाच तर बसवलं होतं.

दिरांनी डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. "घट्ट भरलीय," ते म्हणाले. "मागल्या वर्षीपेक्षा घट्टच." आणि गुडघा धरून आत गेले.

दोन दिवसांनी ओल आहे तोवर वाल टाकायचा म्हणून मी सकाळी शेतावर गेले. दीर माझ्या आधी पोचले होते. बियाण्याची टोपली खांद्याला, खाचराच्या तोंडाशी उभे, आत पाऊल न टाकता.

"किती अंतरावर टाकू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं, पण त्यांनी तसंच टाकलं.